चिडलेल्या मुलाला कुणाची गोष्ट सांगायची, कधी आणि कशी

आमच्या शनिवारच्या गोष्टीच्या तासाला येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाने कॅरमचा बोर्ड उलटवला. राणी घेतली पण कव्हर झाली नाही, एवढंच कारण. सोंगट्या कपाटाखाली, पावडर सगळ्या फरशीवर आणि हा भिंतीकडे तोंड करून उभा, कानशिलं लाल. त्याची आजी म्हणाली, "एवढा राग बरा नव्हे रे बाळा." त्याने तो राग गिळला आणि घरी जाऊन धाकट्या बहिणीला चिमटे काढले.

राग येणं मुलाच्या हातात नसतं. आलेल्या रागाचं काय करायचं ते मात्र शिकता येतं, पण "शहाण्यासारखं वाग" असं ऐकून नाही. त्याच्या डोळ्यांसमोर माणसं लागतात: आपल्यासारखीच चिडलेली, घाबरलेली, रडलेली आणि त्या चिडण्या-रडण्याला कुठेतरी कामाला लावणारी. अशी माणसं शोधताना मी अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांपाशी पोचले आणि तिथेच थांबले. वर्ण काळा म्हणून गप्प बस, बाई म्हणून गप्प बस, असं दोन्हीकडून ऐकत त्या वाढल्या. संतापायला त्यांच्याकडे कारणं ढीगभर होती आणि संताप दाखवायची मुभा मात्र जवळजवळ नव्हती. म्हणून त्यांनी काढलेल्या वाटा फार विचारपूर्वक काढलेल्या आहेत. आपल्यासाठी हा धागा नवाही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना.

हे पहिल्यांदाच करून बघणाऱ्या आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी माझ्या अनुभवातल्या पायऱ्या लिहिते आहे.

पहिली पायरी: वादळात गोष्ट सांगू नका

मूल पाय आपटत असताना त्याच्या कानात काही शिरत नाही. तेव्हा करायच्या गोष्टी तीनच. ते कुणाला मारत असेल तर हात धरा, पिरगळू नका. आवाज खाली आणा. आणि जवळ बसा. पाणी द्या, हातपाय धुवायला नळाशी न्या. "का चिडलास?" हा प्रश्न त्या क्षणी नको, कारण त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं.

गोष्टीची वेळ नंतर येते, त्याच संध्याकाळी किंवा चक्क दोन दिवसांनी. मला सगळ्यांत जमलेली वेळ म्हणजे मेथी निवडताना. मुलाचे हात गुंतलेले असतात, आपल्या डोळ्यांत बघायची सक्ती नसते आणि मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

दुसरी पायरी: आधी शब्द

मुलांना विचारलं की दोनच उत्तरं येतात, "राग आला" आणि "काही नाही". मराठीत यासाठी केवढा खजिना आहे! हिरमुसणं वेगळं, रुसणं वेगळं, धुसफुसणं वेगळं. फुरंगटून बसणाऱ्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. तिडीक गेलेल्याला कुणीच जवळ नको असतं. खजील झालेलं मूल पुष्कळदा चिडल्यासारखं वागतं, आणि आपण रागावर बोलत बसतो.

शरीरापासून सुरुवात केली की सोपं जातं. पोटात गोळा आला होता का? छाती धडधडत होती? घसा दाटून आला होता? एक मुलगी मला म्हणाली, "माझ्या हातांना राग आला होता, मला नाही." तिला नेमकं कळलं होतं. हातांना आलेल्या रागाला हातांचं काम लागतं, ते पुढे येईलच.

तिसरी पायरी: भावनेला जुळणारी बाई निवडा

इथे घाई करू नका. "थोर स्त्रिया" म्हणून यादी वाचून दाखवली तर मुलं जांभया देतात. मुलाच्या मनात काय चाललं आहे ते ओळखून एकच गोष्ट काढा.

हरल्यावर आदळआपट करणाऱ्या मुलासाठी मी टेनिसपटू सेरेना विल्यम्सची गोष्ट सांगते, आणि तीसुद्धा तिच्या तेवीस ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदांची नाही, तर एका हरलेल्या दिवसाची. सप्टेंबर २०१८, न्यूयॉर्क, अमेरिकन ओपनचा अंतिम सामना. समोर वीस वर्षांची नाओमी ओसाका. प्रेक्षकांतून प्रशिक्षकाची मदत घेतल्याबद्दल पंचांनी सेरेनाला ताकीद दिली. आपल्यावर खोटेपणाचा आळ आला म्हणून ती उसळली. पुढे तिने रॅकेट जमिनीवर आपटून मोडली. एक गुण गेला. मग पंचांना चोर म्हणाली. अख्खा गेम गेला. सामना हरली आणि वर १७,००० डॉलर दंड भरला. बक्षीस समारंभात लोक हुर्यो उडवू लागले, जिंकलेली ओसाका रडत होती. तेव्हा सेरेनाने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांना सांगितलं की आता पुरे, तिचं कौतुक करा. पुढच्या वर्षी तिने स्वतः लिहिलं की तो दिवस मनातून जाईना म्हणून ती समुपदेशकाकडे गेली आणि ओसाकाला माफीचा निरोप पाठवला.

कॅरमवाल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "एवढ्या मोठ्या बाईला दंड बसला?" दुसरा प्रश्न बऱ्याच वेळाने आला: "पंच चुकीचे असतील तर?" या दुसऱ्या प्रश्नासाठीच ही गोष्ट सांगायची. पंचांचं चुकलं की नाही यावर मोठी माणसं अजूनही वाद घालतात. राग खरा असू शकतो आणि रॅकेट मोडणं तरीही महागात पडू शकतं, ही दोन्ही वाक्यं मुलाच्या डोक्यात एकाच वेळी राहू द्या. सारवासारव करू नका.

अन्यायाने पेटलेल्या मोठ्या मुलांसाठी, साधारण दहाच्या पुढे, रोझा पार्क्स. १ डिसेंबर १९५५, अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला तिने नकार दिला आणि तिला अटक झाली. ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा "दमलेली शिवणकाम करणारी बाई" अशी सांगतात, आणि त्यातच तिचा सगळा जीव जातो. ती अंगाने दमलेली नव्हती. हार मानून मानून दमले होते, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा ती ४२ वर्षांची होती, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत अनेक वर्षं चिटणीस होती आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीमध्ये कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आली होती. म्हणजे तिच्या रागाचा अभ्यास झाला होता. अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली, सोमवारपासून बसवर बहिष्कार पडला आणि लोक ३८१ दिवस पायी, तंगडतोड करत, एकमेकांच्या गाड्यांतून कामावर गेले.

मुलांना सगळ्यांत आवडतो तो या गोष्टीतला आधीचा तुकडा. रोझाच्या नऊ महिने आधी, मार्चमध्ये, त्याच गावात क्लॉडेट कोल्व्हिन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनेही जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. पुढे ज्या खटल्यामुळे बसमधला भेदभाव कायद्याने संपला, त्यातल्या फिर्यादींपैकी ती एक होती. इथे मी मुलांना मुक्ता साळवेची आठवण करून देते. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तो निबंध मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचता वाचता आवाज चढतो, चढू द्या.

भीतीसाठी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, सांघिक अंतिम फेरीत उडी मारल्यावर हवेत असतानाच तिला आपलं शरीर कुठे आहे तेच कळेना. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. अशा अवस्थेत डोक्यावर पडलं तर मान मोडते. ती स्पर्धेतून बाहेर झाली आणि कडेला उभी राहून मैत्रिणींना ओरडून प्रोत्साहन देऊ लागली. आठवड्याने तोल सांभाळण्याच्या पट्टीवर परतली, पण शेवटच्या उडीतल्या गिरक्या काढून टाकून. कांस्यपदक मिळालं. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णं. मल्लखांब किंवा पोहणं शिकणाऱ्या मुलांना हे पटकन समजतं: भीती खरं सांगत होती, म्हणून तिने उडी बदलली.

काही शिकताना लवकर जमत नाही म्हणून चिडचिड होत असेल तर धावपटू विल्मा रुडॉल्फ. लहानपणी पोलिओ, डाव्या पायाला आधाराच्या पट्ट्या, आणि घरातली माणसं पाळीपाळीने दिवसातून चारदा पाय चोळणारी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. मी पदकांवरून पटकन पुढे जाते आणि पाय चोळण्यावर रेंगाळते. घराघरांत आज्या नातवंडांचे पाय चोळतातच, त्यामुळे ते चित्र लगेच उभं राहतं.

"तुला नाही जमणार" असं ऐकून खट्टू झालेल्या मुलीसाठी मे जेमिसन. बालवाडीत तिने बाईंना सांगितलं, मला शास्त्रज्ञ व्हायचंय. बाई म्हणाल्या, म्हणजे नर्स ना? सप्टेंबर १९९२ मध्ये ती अंतराळात गेली, तिथे गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून.

झाड तोडलं, ओढा बुजवला, म्हणून जे मूल मनातून तुटतं, त्याच्यासाठी केनियाच्या वंगारी मथाई. लहानपणी त्यांच्या घराजवळ उंबराच्या कुळातलं एक मोठं झाड होतं. आईने बजावलं होतं, त्याच्या काटक्या सरपणाला आणायच्या नाहीत, ते देवाचं झाड आहे. जवळच्या झऱ्यात बेडकांची अंडी दिसायची, काळ्या-पांढऱ्या मण्यांसारखी. ती छोटी मुलगी त्यांची माळ करून गळ्यात घालायला बघायची आणि मणी बोटांतून निसटून जायचे. परदेशात शिकून आल्यावर पाहिलं तर झाड तोडलेलं होतं आणि झरा आटलेला. १९७७ साली त्यांनी नैरोबीत सात रोपं लावली. तिथून सुरू झालेल्या चळवळीत खेड्यापाड्यांतल्या बायकांनी कोट्यवधी झाडं लावली, आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. कोकणातल्या मुलांना देवराई सांगायची गरजच पडत नाही, ती स्वतःच म्हणतात, "आमच्याकडे पण तोडत नाहीत."

बारा-तेराच्या पुढच्यांसाठी गायिका नीना सिमोन. पियानो वाजवणारी लहान मुलगी. कार्यक्रमात तिच्या आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवलं, तर ते परत पुढे बसेपर्यंत तिने वाजवायला नकार दिला. सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला, चार मुली गेल्या. नीना घरात हाताला येईल त्या सामानाने बंदूक बनवायला बसली. नवऱ्याने तिला सांगितलं, तुला मारामारीतलं काही कळत नाही, तुझ्याकडे संगीत आहे. ती उठून पियानोपाशी गेली आणि तासाभरात गाणं तयार झालं. पौगंडावस्थेतली मुलं या गोष्टीवर बराच वेळ बोलत नाहीत. बोलायला लावू नका.

मुकाट राहणाऱ्या मुलासाठी कवयित्री माया अँजेलो आहेत. लहानपणी त्या सुमारे पाच वर्षं बोलल्या नाहीत, मग गावातल्या एका बाईंनी त्यांना घरी बोलावून पुस्तकं दिली आणि कविता मोठ्याने म्हणायला लावल्या. त्या मुक्या का झाल्या हे लहान मुलांना सांगायचं नाही. "त्यांच्यासोबत फार वाईट झालं होतं" एवढं पुरतं.

चौथी पायरी: गाठीवर थांबा

रूबी ब्रिजेसची गोष्ट मी सगळ्यांत जास्त वेळा सांगते, म्हणून तिच्यावरच दाखवते. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची रूबी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत पहिल्यांदा जाते, भोवती केंद्र सरकारचे सशस्त्र अधिकारी. बाहेर ओरडणारी गर्दी. तिला वाटतं, गावात जत्रा-मिरवणूक असते ना, तसलंच काहीतरी चाललंय. पुढे एका बाईने शवपेटीत घातलेली काळी बाहुली तिला दाखवली. गोऱ्या आईबापांनी आपली पोरं शाळेतून काढून नेली. वर्षभर वर्गात ती एकटी आणि तिच्या बाई, बार्बरा हेन्री.

इथे थांबा. विचारा, "तिला काय वाटलं असेल?" मुलं "राग" म्हणतात, मग "भीती", आणि मग कुणीतरी हळूच "कंटाळा" म्हणतं. वर्गात एकटं बसायचा कंटाळा! हे उत्तर मला मोठ्या माणसाकडून कधीच मिळालेलं नाही. पुढे सांगा: एके सकाळी रूबी गर्दीसमोर थांबून ओठ हलवताना दिसली. बाईंना वाटलं ती लोकांशी भांडते आहे. ती म्हणाली, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते.

आणि मग "बघ, ती कशी वागली, नाहीतर तू" हे वाक्य तोंडाशी येईल. ते गिळा. ज्या क्षणी गोष्टीतली बाई मुलाला बोलून घ्यायच्या कामी येते, त्या क्षणी ते तिचा तिरस्कार करू लागतं. माझ्याकडून ही चूक झालेली आहे; एक मुलगी त्यानंतर महिनाभर रूबीचं नाव काढू देत नव्हती.

पाचवी पायरी: हाताला काम

गोष्ट ऐकून झाल्यावर त्याच दिवशी काहीतरी करायला द्या, पण "आता शांत हो" अशा उद्देशाने नाही. हातांना राग आला असेल तर कणीक मळू द्या, शाडूची माती द्या, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे करून कागदी लगदा करू द्या. अन्याय झाला असं वाटत असेल तर पत्र: कुणाला, काय झालं, काय बदलायला हवं. आमच्याकडच्या पाचवीतल्या मुलींनी मुलींना मैदान मिळत नाही म्हणून मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. पहिल्या कच्च्या कागदावर नुसत्या शिव्या होत्या, तिसऱ्यावर वार आणि वेळा होत्या. मंगळवारचं मैदान मिळालं. दुःख असेल तर रोप, आणि पाणी घालायची जबाबदारी त्याचीच.

रूबीला त्या वर्षी रॉबर्ट कोल्स नावाचे मनोविकारतज्ज्ञ भेटायला यायचे आणि चित्रं काढायला द्यायचे. सुरुवातीच्या चित्रांत ती गोऱ्या माणसांचे हातपाय, बोटं नीट काढायची. काळ्या माणसांना मात्र कुठे हात कमी, कुठे डोळा कमी. ती बोलून दाखवत नव्हती ते कागदावर उमटत होतं. मुलाच्या चित्राला चांगलं-वाईट म्हणू नका. "हे कोण?" एवढंच विचारा.

रंगाबद्दल, आपल्याच घरातलं

हे टाळून या गोष्टी सांगता येणार नाहीत. "काळी आहे पण नाकीडोळी नीटस" हे ज्या घरात सहज बोललं जातं, तिथे सेरेनाची गोष्ट ऐकणारी सावळी मुलगी आपल्याकडे बघत असते. खूपशा मुलांच्या खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर खडू असतो आणि सगळी त्याला 'स्किन कलर' म्हणतात. माझ्या तासाला एका मुलीने स्वतःचं चित्र त्याच खडूने रंगवलं. तिचा हात तपकिरी, चित्रातला हात गुलाबी. मी काही बोलले नाही, पुढच्या शनिवारी तीन-चार तपकिरी छटांच्या पेन्सिली आणून मध्ये ठेवल्या.

शब्द जपून वापरा. 'कृष्णवर्णीय' म्हणा, किंवा साधं 'काळ्या वर्णाची' म्हणा, आवाज न पाडता. जुन्या पुस्तकांतले 'निग्रो', 'हबशी' हे शब्द नकोत. 'बिचारी' तर नकोच, यातली एकही बिचारी नाही. आणि वेशभूषा स्पर्धेत मुलीला मे जेमिसन करायचं असेल तर नारिंगी अंतराळपोशाख शिवा, पण तोंडाला काजळ किंवा काळा रंग फासू नका. कातडीचा रंग हा सोंग घेण्याचा विषय नाही, आणि अमेरिकेत काळ्यांची टिंगल करायला गोरे नट नेमकं हेच करत.

गोष्टीने भागत नाही तेव्हा

मूल स्वतःला इजा करत असेल, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण उडालं असेल, मरणाची भाषा करत असेल, किंवा कुणी त्याला त्रास देतंय अशी शंका आली असेल, तर गोष्टी बाजूला ठेवा आणि बालमानसतज्ज्ञाला गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८ वर. दोन्ही फुकट आहेत.

कॅरमवाला मुलगा पुढच्या वेळी हरला तेव्हा उठून बाहेर गेला. दार धाडकन आपटलंच. नळ बराच वेळ वाहत होता. ओले पाय घेऊन आत आला, सोंगट्या रचल्या आणि म्हणाला, "या वेळी ब्रेक मी करणार."